आमटीतली मूलद्रव्यं

केस गळायला लागले म्हणून मी मीठ बदलायचं ठरवलं. (हसू नका. मोबाईलवर एका गृहस्थानं छातीठोक सांगितलं होतं की शरीरात जस्ताचे चार अणू कमी पडले की टक्कल पडतं, आणि बाजारच्या पांढऱ्या मिठात जस्त औषधालासुद्धा नसतं.)

त्याच रविवारी मंद्रूपहून सासरे आले, भिमाआप्पा. शेरडं-मेंढरं राखणारा माणूस. पिशवी स्वयंपाकघरात ठेवून ते पेठेत कुणाला तरी भेटायला गेले. पिशवीतून एक तांबूस वीट डोकावत होती. वर चिकटलेल्या फाटक्या कागदावर लिहिलं होतं: मीठ, जस्त, तांबं, लोह, कोबाल्ट, आयोडीन. मी थक्क! जावयाच्या टकलाची एवढी काळजी? आणि विटेची एक बाजू तर काय गुळगुळीत, बोट ठेवलं तर घसरावं!

"सुकन्या, आजची आमटी मी करणार," मी बायकोला सांगितलं.

"का? माझं काय चुकलं?"

"अगं, माणूस म्हणजे शेवटी अणूंचा ढीग. आणि अणू हा अणू असतो. तो माझ्यात असो नाहीतर दगडात, फरक नाही."

"ते मला लग्नातच कळलं होतं."

मी विटेचा कोपरा फोडून खलबत्त्यात कुटला आणि आमटीत घातला. जेवताना सुकन्यानं एक घास घेऊन वाटी सारली. आप्पांनी नुसता वास घेतला आणि कडक भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली. मी मात्र इरेला पेटून दोन वाट्या ओरपल्या. (घशाखाली उतरत नव्हतं, पण माघार कशी घेणार?)

हात धुवायला उठलेले आप्पा ओट्यापाशी थबकले. "आरं, माजी वीट कुनी फोडली?"

"मी!" मी ढेकर देत म्हणालो. "आमटीत घातली. काय मीठ आहे, आप्पा!"

"आमटीत? आवो जावयबापू, ती शेरडांची चाटणवीट हाय! दुकानदाराला दावाया गोठ्यातली सोडून आनली, आसलीच दे म्हनून."

गोठ्यातली! माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

"म्हणजे... ती कुणी चाटलीय?"

"समद्यांनी की. म्हातारं बोकड तर सोडतच न्हवतं."

"अगं आई गं! मेलो!" मी मोरीकडे धावलो. घशात बोटं घातली, काही बाहेर येईना, तसा तिथंच फतकल मारून बसलो. सुकन्या घाबरून रडायला लागली, पण रडता रडता म्हणालीच, "अणू तो अणूच ना? मग बोकडाच्या थुंकीतला काय वेगळा असतो?"

रविवार, त्यामुळे आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. आप्पांनी त्यांच्या शेरडांच्या डॉक्टरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सायेब, चाटणवीट लई पोटात गेली हो. जगंल का?"

"वजन किती?"

"आसंल ऐंशी किलू."

"बापरे! बोकड आहे का?"

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तसंच धरा."

"मग काही होत नाही त्याला. पाणी भरपूर पाजा. आणखी काही त्रास?"

"केस गळत्यात. दिसभर बसून आसतंय. खायाला मातर लई लागतंय."

"वय झालं असेल. कशाला सांभाळता, आप्पा? येत्या बाजारात विकून टाका."

जीव वाचला! मी भिंतीला टेकून श्वास सोडला. सुकन्यानं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वडिलांना काळजीनं म्हणाली,

"पण आप्पा, ह्यांना घेणार कोण?"