कोंढ्याला जायचे डोळे

आमच्या शेजारच्या गुलाबभाऊंना दर मंगळवारी नवे डोळे फुटतात. एरवी पवनीतल्या त्यांच्या लुगड्यांच्या दुकानात बाटलीच्या बुडासारखा चष्मा असतो. मंगळवारी तो खिशात जातो, डोळ्यांत एकदाच वापरून फेकायच्या लेन्स बसतात आणि साठीचा हा गृहस्थ केस चापून कोंढ्याची बस धरतो. परतला की लेन्स थेट कचऱ्यात.

"धुवून ठेवा ना," मी एकदा सुचवलं.

"पत्रावळ धुवून ठेवतेत का जी कोणी?"

लेन्सचे गुणदोष त्यांना विचारावे लागत नाहीत. गिऱ्हाईक काठ बघत असतं आणि भाऊ सांगत असतात, "फायदा असा का, दरवेळी नवी, जंतूची भानगड नाही. नुकसान असं का, दुपारची डुलकी बंद." गिऱ्हाईक बिचारं मिळेल ते लुगडं घेऊन सुटतं.

मी सुटलो नाही. डॉक्टरांकडून माझ्या नंबरची जोडी घेऊन आलो. त्या दिवशी घरात वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या आलेल्या, आणि देठ खुडायला मला बसवलेलं. नंतर हात साबणाने धुतले, हे मी आजही शपथेवर सांगतो. लेन्स लावली आणि पुढच्या क्षणी माझं तोंड अंगणातल्या हौदात होतं.

भाऊ कुंपणापाशी आले. "मिरचीले साबण समजत नाही जी," ते शांतपणे म्हणाले.

माझा लेन्सचा नाद सुटला, पण कोंढ्यात आहे तरी कोण, हे कोडं सुटेना. चौकातल्या आम्ही मंडळींनी तर एक निवृत्त शिक्षिकाबाई ठरवूनही टाकली होती. म्हणून एका मंगळवारी भाऊंची बस चुकली तेव्हा मी भलत्याच उत्साहाने मोटरसायकल काढली.

"माही मोठी बहीण राहते तिथं," वाटेत भाऊ म्हणाले. "माय गेल्यावर तिनंच वाढवलं मले. आता तिले माणसं आठवत नाही. चष्म्यात गेलो का डोक्यावर पदर घेते, म्हणते, बसा जी मास्तर. मले चष्मा तिच्या लग्नानंतर लागला ना."

"मग नुसता चष्मा काढून जायचं."

"मंग तिचं तोंड मले दिसत नाही."

मी गाडी जरा हळू केली.

दारात उतरून भाऊंनी डोळा चोळला आणि एक लेन्स मातीत पडली. त्यांचा हात खिशातल्या चष्म्यापर्यंत गेला आणि रिकामाच परत आला. तो डोळा घट्ट मिटून ते बहिणीसमोर जाऊन बसले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. पदराकडे हात गेला, तसा भाऊंनी मान थोडी पुढे केली.

"काहून रे गुल्या," ती म्हणाली, "डोळा काहून मारून राहिला? पाहुण्यासमोर तरी धड बस."

"बसतो ना, बाई," भाऊ म्हणाले.

आम्ही निघेपर्यंत त्यांनी तो डोळा उघडला नाही.