जनानी दालनात बैसले किल्लेदार

श्रीधन्वंतरी समर्थ. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, आषाढापासून फाल्गुनापर्यंत राज्यात जे वर्तमान जाहले ते पदरचा मीठमसाला न घालिता लिहिले ऐसे. किल्लेदार निंबाजीराव, पुरुष मोठे जबर, मिशा ऐशा की आरशासही धाक पडावा; त्यांच्या कानाखालील लाळग्रंथीत कर्करोगाचे बंड उठले आणि शस्त्रवैद्यांनी गाठ कापून काढिली आणि मग किरणांचा मारा केला, तरी हरामखोर निसटून फुप्फुसांत शिरले, आणि नेहमीचे जालीम औषध दिले त्यास भीक घालीनात. किल्लेदारांस चार पावलांत धाप लागो लागली. दरबारचा रिवाज ऐसा की, ज्या ठाण्यात बंड त्याच ठाण्याचे औषध; एकाचे दुसऱ्यास देणे म्हणजे अधर्म. मग वैद्य अंबिकाबाई, मोठ्या हिमतीच्या बाई, त्यांनी म्हटले की, ठाणे काय पुसता, बंडखोरांच्या अंगावरील निशाणी पाहा. गाठीचा तुकडा तपासविला, तो स्तनांच्या कर्करोगात सापडते तीच निशाणी निघाली, आणि ती निशाणी हेरून नेमके तिलाच धरणारे औषध हाती होते. शाबास त्या बाईची! परंतु पंचाईत ऐसी की, ते सलाईनवाटे दवाखान्याच्या जनानी दालनातच मिळे. किल्लेदार तापले. तोफेपुढे उभे राहू, परंतु बायकांचे औषध बायकांत बसून घेणार नाही म्हणाले, आणि घोडा मागविला. तेव्हा त्यांच्या पत्नी चिमाबाईंनी लगाम धरिला आणि बोलिल्या, "मिशा घेऊन मी काय करू? मला मिशांमागचा माणूस हवा."

किल्लेदारांनी घोडा पागेत परत धाडिला. मग दालनात गेले, आणि तेथील बायांनी सरकून जागा दिली आणि थट्टाही पोटभर केली. औषध हृदयास जाचते म्हणून अंबिकाबाई हृदयाची तपासणी वरचेवर करवीत. माघात फुप्फुसांतील गाठी निम्म्याहून अधिक आटल्या आणि किल्लेदार गड चढो लागले. बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. बंड दबले आहे, मोडले म्हणवत नाही, उलटले तर दुसरा उपाय शोधू म्हणाल्या.

फाल्गुनात एक तरणा शिलेदार आला. त्यासही तोच रोग, तीच निशाणी. आत बायकाच बायका पाहून माघारी फिरो लागला, तो किल्लेदारांनी मोकळ्या हाताने शेजारची खुर्ची ओढिली आणि बोलिले, "लाजता काय? इथे बसलो म्हणून आज आहे."

शिलेदार बैसला. एकूण, त्या साली राज्यात मोठी लढाई जाहली ती हीच, आणि अद्याप चालू आहे. वर्तमान इतुकेच.