मी सांगेपर्यंत सोडू नका

“पेशंटला ‘धरा’ म्हणायला कुणालाही जमतं, राहेल. ‘सोडा’ म्हणायची आठवण ठेवते ती नर्स!”

आमच्या सुलक्षणा मॅडमनी हे मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. मी मान डोलावली आणि मनात हसले. अहो, मी आणि विसरणार? अडीच वर्षांच्या मुलीची आई आहे मी! जेसिका झोपली की तिच्या नाकाखाली दर दहा मिनिटांनी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना! गॅसचं बटण तीनदा, दाराची कडी चारदा. आमचे हे, म्हणजे जॉय, म्हणतात, “तुला बँकेच्या तिजोरीवर बसवायला पाहिजे होतं!”

माझी अडचण विसरण्याची नव्हतीच. माझी अडचण होती सुई.

जेसिकाला पहिली लस टोचली तेव्हा ती रडली अर्धा मिनिट आणि मी बेशुद्ध पडले पंधरा मिनिटं! सिस्टरनं बाळ दिलं सासूबाईंच्या हातात आणि मला घातलं पलंगावर. तिथं पडल्यापडल्याच ठरवलं, भीती आपल्या घरी राहायला आलीय ना, मग आता आपण तिच्या घरी जाऊन राहायचं. बी.ए. झालेलं होतंच. शिरूरला नर्सिंगला नाव घातलं.

बीपी, ताप, मलमपट्टी, सगळं शिकले. फक्त रक्त काढायची पाळी आली की माझ्या तोंडात मध! “शितल, तुझा हात किती गं हलका, तूच काढ ना!” असं वर्गमैत्रिणीला गळ घालत घालत माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळ्या सह्या झाल्या आणि नेमकी ती एक जागा पडलेल्या दातासारखी रिकामी राहिली.

“केंदूरचं आरोग्य तपासणी शिबिर शेवटचं,” मॅडम म्हणाल्या. “शनिवारी ही सही झाली नाही, तर परीक्षा पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी! म्हणजे जेसिकाला सासूबाईंकडे टाकून आणखी एक वर्ष! आताच ती मला ‘टाटा’ म्हणून हाक मारते, कारण मी तिला तेवढंच करताना दिसते.

शनिवारी सकाळी केंदूरच्या समाजमंदिरात टेबल मांडलं. माझ्या वाट्याला आले पोपटराव आप्पा, वय शहात्तर. पांढरी टोपी, ताठ कणा, सोसायटीचे माजी चेअरमन. मी सुई काढली.

“भ्या वाटतंय का?” मी विचारायचं ते आप्पांनीच मला विचारलं.

“छे! मला कशाला?”

“मग सुई कशानं थरथरती? वारं तर न्हाई.”

मी डोळे मिटून “प्रभू येशू, सांभाळ” म्हणाले.

“डोळं तेवढं उघडा, सिस्टर. शीर माझी हाय!”

उघडले. टोचली. आणि काय सांगू, रक्त आलं! आणि मी पडले नाही! नळीत ते लालभडक रक्त चढताना मला दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं दिसलं. सुई काढून मी कापसाचा बोळा ठेवला आणि अगदी मॅडमच्या आवाजात म्हणाले, “आप्पा, हात सरळ ठेवा, दुसऱ्या हातानं बोळा दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका!”

“न्हाई सोडत. आपला शब्द म्हंजी शब्द.”

एवढ्यात फोन. सासूबाई!

“राहेल, जेसिका चौथं बिस्कीट मागतीय, देऊ का?”

“चौथं? आई, तीन कुणी दिली?”

मान वाकडी करून फोन खांद्यात धरला, वाद घालत घालत नळीवर नाव-वय लिहिलं, नळी खोक्यात ठेवली आणि पुढच्या पेशंटचं बीपी घ्यायला पळाले.

बारा वाजता मॅडम नळ्या तपासायला बसल्या. मग माईक हातात घेतला. “जेसिका, वय शहात्तर! जेसिका, वय शहात्तर, पुढे या!”

सगळं समाजमंदिर माना वळवून बघायला लागलं. एक म्हातारी म्हणाली, “कुणाची गं ही? आपल्या गावात दिली व्हती का?”

मी धावत जाऊन नळी बघितली. अहो, दुधाची बाटली, डबा, स्वेटर, दिसेल त्यावर मी जेसिकाचं नाव घालते. हाताला सवयच! नळीवर वय आप्पांचं, नाव माझ्या लेकीचं!

“नाव चुकलेला नमुना फेकायचा,” मॅडम म्हणाल्या. “आप्पांचं रक्त परत घे. नाव बरोबर लिही. मग सही.”

पण आप्पा कुठे होते? आनंदराव नावाचे गृहस्थ पुढे आले. “पोपटराव व्हय? ते गेले की यवतला, लेकीकडं. हात असा फुडं काढलेला, म्या इचारलं, आप्पा, काय झालं? तर म्हणले, सिस्टर सांगंस्तवर सोडायचं न्हाई!”

मी हातातलं बीपीचं यंत्र खाली ठेवलं.

“अजून धरलं असेल?” मी विचारलं.

“अहो, ज्या माणसानं सोसायटीची खुर्ची सतरा वर्षं सोडली न्हाई, त्यो तुमचा बोळा सोडंल व्हय?”

आप्पांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत! मी मनातल्या मनात आप्पांचा हात निळा केला, मग काळा केला, मग स्वतःला कोर्टात उभं केलं. मॅडमनी आनंदरावांकडून लेकीचा पत्ता घेतला आणि जीप काढायला सांगितली. यवतपर्यंत त्या बाकीच्या नळ्यांवरची नावं एकेक करून तपासत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं!

हायवेच्या मागे, निळ्या दाराचं घर. ओट्यावर बाजेवर आप्पा बसलेले. उजवा हात दौंडच्या रेल्वे फाटकासारखा आडवा, डाव्यानं बोळा दाबलेला, खिशात फोन वाजतोय. वाजणारच, अजून मीच लावत होते! आडव्या हातावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

“ह्याच का त्या सिस्टर?” त्यांची लेक रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभी. “बाप माझा सकाळधरनं दांडीवानी बसलाय! घास म्या भरवला! एस्टीत कंडक्टरनं हात घालून खिशातनं आधार कार्ड काढलं!”

“आप्पा,” मी पुढे होऊन म्हणाले, “सोडा.”

“नक्की? मॅडमास्नी इचारा.”

मॅडमनी मान डोलावली. आप्पांनी सोडलं. आत मुंगी चावल्याएवढा ठिपका! हाताला काही झालेलं नव्हतं, फक्त तो दुमडायचं विसरला होता. मॅडमनी चोळून चोळून मोकळा केला. मला रडू आलं.

आणि आता खरं अवघड काम. “आप्पा… नळीवर नाव चुकलं… परत एकदा, दुसऱ्या हातातून…”

“अगं बया!” रंगुबाईंचा आवाज सोलापूर हायवेवर ऐकू गेला असेल.

पण आप्पांनी बाही वर केली. “घे पोरी. सकाळी तुझी सुई थरथरत व्हती. आता तू समदी थरथरतीस, म्हंजी सुई तरी गप ऱ्हाईल.”

आणि खरंच राहिली! एका टोचणीत रक्त. नळीवर नाव लिहिलं, मोठ्यानं वाचलं, “पोपटराव, वय शहात्तर!” मॅडमनी तिथंच ओट्यावर वही ठेवून सही केली. रंगुबाई पुटपुटत चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. मी बोळा ठेवला, “आप्पा, दाबून धरा हं,” म्हणाले, तोच फोन!

“राहेल, जेसिका पडली…” आणि लाईन कट!

कुठून पडली? पलंगावरून? ओट्यावरून? मी जीपमध्ये कशी चढले आठवत नाही. मॅडमही घाबरल्या. चहा नाही, निरोप नाही, जीप थेट शिरूरला!

दारातच सासूबाई. “एवढी धापा का टाकतीस? अगं, मघाशीच पडली ती, झोप आली म्हणून. अजून उठली नाही.”

नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू. मी भिंतीला टेकले, वही उघडली, सहीवरून हात फिरवला. जिंकले होते मी! सुईला जिंकलं, भीतीला जिंकलं! आता धरायचं काही उरलं नाही, सगळं सोडून द्याय…

सोडून.

हे लिहितेय तेव्हा साडेपाच वाजलेत. आप्पांना अकरा वेळा फोन लावला. वाजतोय. उचलतील कशानं? रंगुबाईंचा नंबर घेतला नाही, आणि ते लेकीचं ऐकतील असंही नाही. मॅडमना सांगावं, तर सहीची शाई अजून ओली आहे!

तुमच्यापैकी कुणी यवतचं आहे का हो? हायवेच्या मागे, निळ्या दाराचं घर. जरा डोकावून याल? ह्या वेळी डावा हात आहे. एवढंच म्हणा, “आप्पा, सिस्टरनं सोडायला सांगितलंय.” आणि त्यांनी सोडलं की त्यांनाच मला फोन करायला सांगा. आता हात मोकळे असतील!