एकशेवीस शिपाई आणि एक जावई

सासऱ्यांचे एकशेवीस शिपाई रविवारी चारपर्यंत रंगून झाले असते, तर लाभ असा होता: सासूबाईंना जेवणाचं टेबल परत, बायकोला आईच्या तक्रारींतून सुट्टी आणि सासऱ्यांना दातांच्या डॉक्टरांशी एकदाची लढाई. हे डॉक्टर त्यांचे जुने मित्र, पण नियमाला कडक. लढाई टेबलावरची असली तरी सैन्य पुरं रंगलेलं हवं, नाहीतर डाव नाही. बोटाएवढे ते प्लास्टिकचे मध्ययुगीन भालाईत घेऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत सासऱ्यांनी चौघांना डोळे दिले होते. अंगावर कपडा एकालाही नव्हता!

मला मिळणार होती निव्वळ कीर्ती. कारखान्यात मालाचं नियोजन करतो मी. म्हटलं, बाबा, दोन दिवस माझ्या हाती द्या.

टेबलाच्या या बाजूला मी आणि बायको, पलीकडे सासूबाई आणि मेहुणी. साठ-साठ शिपाई. मधोमध शिपायांचं खोकं उभं केलं, त्यावरचं चित्र बघून रंग द्यायचे. सासऱ्यांचा वेग ठाऊक असल्यानं त्यांना एकटा सेनापती देऊन खिडकीत बसवलं, आमच्याकडे पाठ करून.

काम धडाक्यात चाललं. शनिवारी दुपारी सासूबाईंनी खोक्यापलीकडून निळा संपल्याचं कळवलं. निळा तर फक्त कमरेच्या पट्ट्याला होता. बाई सढळ हाताच्या, असं मनात म्हणून मी दुसरी बाटली सरकवली.

रविवारी साडेतीनला दोन्ही ताटं शेजारी ठेवली. आमचे साठ लाल. त्यांचे साठ निळे.

खोकं फिरवून पाहिलं. मागच्या बाजूला शत्रूसैन्याची जाहिरात होती. वेगळं विकत घ्यायचं, असंही लिहिलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. निळे निळेच राहिले.

चारच्या ठोक्याला डॉक्टर आले. त्यांनी लाल मोजले, निळे मोजले आणि म्हणाले, "अहो, तुमचं भांडण तर घरातल्या घरातच आहे. मला कशाला बोलावलंत?"

सासऱ्यांची मान खाली गेली. मी दाराचं अंतर मापलं. सासूबाई मात्र वाकून निळ्यांकडेच बघत होत्या.

"काही म्हणा, माझे जास्त देखणे झालेत," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसल्या. "हं, कसं खेळतात ते सांगा."

डॉक्टर पंच झाले. सात वाजता लाल सेनापती सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीत कैद होता आणि सासरे हसून हसून डोळे पुसत होते.

"चाळीस वर्षं संसार केला, पण हिला वेढा घालता येतो हे मला ठाऊक नव्हतं."

"आम्हाला होतं," डॉक्टर म्हणाले.

आता दोन्ही सैन्यं अर्धीच, म्हणून आणखी एकशेवीस शिपाई मागवलेत. टेबल कायमचं रणांगण झालंय आणि त्याबद्दल सासूबाईंची तक्रार नाही. सासऱ्यांना प्रतिस्पर्धी मिळाला, सासूबाईंना फौज, डॉक्टरांना दर रविवारी फुकट करमणूक. वसुली तेवढी एकाच माणसाकडून झाली. ज्याचं नियोजन त्यानंच पुढचे रंगवावेत, असं एकमतानं ठरलं. बायकोचा हात सगळ्यांत आधी वर गेला.