हाय का मागं?

माझे सासरे मागे वळून बघत नाहीत. विचारतात.

"हाय का मागं?"

शेताच्या बांधावर, लग्नात पंगतीकडे जाताना, दवाखान्याच्या जिन्यात, कुठेही. मान समोर आणि प्रश्न मागे. मागे जो असेल त्याने "हाय, चला" म्हणायचं. नुसतं "हो" चालत नाही, "हं" तर अजिबातच नाही. उत्तर आलं नाही तर ते जागच्या जागी थांबतात, पण तरीही वळत नाहीत. मुलगी बघायला मी अवसरी बुद्रुकला गेलो तेव्हा मळा दाखवायला म्हणून ते पुढे निघाले आणि अंगणातच काहीतरी पुटपुटून पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, स्थळ पसंत नाही. दोन-तीन मिनिटं आम्ही तसेच उभे. शेवटी जिला बघायला गेलो होतो तिनेच दारातून हळूच सांगितलं, "हाय, चला म्हना." मी म्हणालो आणि पुढचं सगळं जमून गेलं.

गाव त्यांना नाना म्हणतं, मी मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि गड्याइतकं राबवून घेतात. मंचरच्या एका हायस्कुलात ते शिपाई होते. त्यांचे वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन फिरायचे. एका जागी बसून पगार घेणारे घराण्यातले पहिले म्हणजे मामा. नोकरीभर ते बसले ते बसले, म्हातारपणी सायकलवर गावोगाव फिरायला लागले.

गेली तीन वर्षं दिवाळीनंतर तीन दिवस ते सायकलवर आंबेगाव आणि जुन्नर तालुका फिरतात आणि लोकांकडे जुन्या सायकली मागतात. पैसे घेत नाहीत. "पैशाला पाय फुटत्यात, जावईबापू. सायकल कुठं लपवनार?" या सायकली शिनोलीच्या पुढच्या वाड्यांमधल्या मुलींना मिळतात. शाळा लांब म्हणून मुली घरी बसतात, हे मामांनी नोकरीत पाहिलेलं. "घंटा मी वाजवायचो. कोन यायची बंद झाली हे हेडमास्तरच्या आदी मला कळायचं," ते म्हणतात.

हे सगळं थोर आहे, मला मान्य आहे. फक्त तीन दिवस त्यांच्या मागून पिकअप घेऊन जाणारा माणूस मी आहे. चाकणच्या कंपनीत माझा रजेचा अर्ज गेला की साहेब आता कारण विचारत नाहीत, नुसता सुस्कारा सोडतात. सत्तरीचा माणूस चढाला लागला की डोक्यावर भारा घेतलेली बाईसुद्धा त्याच्या पुढे निघून जाते. त्या वेगाने पिकअप चालवायची म्हणजे पहिला गिअर आणि अर्धा क्लच. पहिल्या दिवशी पोटरी जाते, दुसऱ्या दिवशी कंबर. तिसऱ्या दिवशी जळका वास येतो तो क्लचप्लेटचा की माझा, हे सांगता येत नाही.

पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो, "मामा, आम्ही पुढच्या गावात जाऊन थांबतो. चहा सांगून ठेवतो."

"मेंढरं पुढं चालत्यात, मेंढक्या मागं," मामा म्हणाले. "मी मेंढरू. तुमी मागनं या."

बरं, हॉर्न वाजवून उत्तर दिलेलं चालत नाही. नाशिक हायवेला त्यांनी विचारलं आणि मी हॉर्न दिला, तर हा माणूस भर रस्त्यात पाय टेकवून उभा. मागे टोमॅटोचे टेम्पो, एसटी, सगळी रांग. "हॉर्न कुनीबी वाजवतंय," नंतर मला समजावलं. "त्ये काय उत्तर न्हाई." तेव्हापासून मी काचेबाहेर डोकं काढून दिवसभर "हाय, चला" ओरडतो. माझा घसा बसला की मंगल, म्हणजे माझी बायको, तिच्या बाजूने ओरडते. तिच्या मांडीवर थर्मास, गोळ्यांचा डबा आणि गुडघ्याला चोळायचं तेल असतं. बापाला सायकलवरून उतरवायचं कसं, हा विचार तिच्या डोक्यात असतो.

सायकल मात्र झकास आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेली, गिअरची, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. मामांनी दुसऱ्याच दिवशी ती मंचरला मिलिंद वेल्डरकडे नेली आणि मागे कॅरियर बसवायला सांगितलं.

मिलिंद म्हणाला, "नाना, हिला कॅरियर नसतंय. हलकी ऱ्हावी म्हनूनच तर येवढी महाग."

"मग बसनारानं बसायचं कुठं?"

"कोन बसनारंय?"

मिलिंदने पट्ट्या मारून लोखंडी कॅरियर आवळून दिलं. मामांनी घरी आणून त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून शिवला. आता ती उचलायला दोन माणसं लागतात आणि कॅरियरवर पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायची सोय नाही. मी एकदा ठेवली, तर त्यांनी मुकाट्याने काढून माझ्या हातात दिली.

"हाय का मागं?" या प्रश्नाचं मूळ मला सासूबाईंनी सांगितलं होतं. त्या मंचरला भाजी विकायला बसायच्या. रोज सकाळी मामांच्या सायकलच्या हँडलला भाजीच्या पिशव्या आणि कॅरियरवर सासूबाई. एक दिवस वाटेत त्यांची चप्पल पडली. चढावर सायकल हळू होती, त्या उतरल्या, चप्पल पायात घातली आणि वर बघतात तर नवरा पुढे निघून गेलेला.

"आन बोलतोय की," सासूबाई सांगायच्या. "दोन मास्तरांचं भांडन सांगत व्हता. त्ये पुरं सांगून झालं मंचरपातुर."

मंचरला चहावाल्याने विचारलं, "नाना, एकटंच कुनाशी बोलताय?" तेव्हा मामांनी मागे बघितलं. तसेच उलटे फिरले. सासूबाई अर्ध्या वाटेत चालत येताना भेटल्या. त्या काही सायकलवर बसल्या नाहीत. मंचरपर्यंत त्या चालल्या आणि शेजारून मामा सायकल ढकलत चालले. शाळेत त्या दिवशी घंटा उशिरा झाली. मागचं माणूस उतरलं ते तुला कळलं कसं नाही, असं हेडमास्तरांनी विचारलं तर मामा म्हणाले, "ती हलकीच हाय, साहेब." हे वाक्य सांगताना सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. दर वेळी.

त्यानंतर मामा मिनिटामिनिटाला वळून बघायला लागले. तसंच बघता बघता एकदा दोघंही भाजीसकट उसाच्या पाटात गेले. तेव्हा सासूबाईंनी कायदा केला, "वळून बघू नका. इचारा. मी सांगीन."

साडेतीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आमच्यासमोर मामा रडले नाहीत. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी मला फोन केला आणि पिकअप मिळेल का विचारलं.

या वर्षी त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सायकल नको म्हणून सांगितलं, मामांनी ऐकून घेतलं आणि टायरमध्ये हवा भरली. मंगलने तीन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे एक करार झाला. जुन्नरहून घोडेगावकडे येताना चढ लागतो. तिथे जर ते थांबले, तर तिथून पिकअपमध्ये बसायचं आणि सायकल कायमची बंद. "थांबलो तर बसंन," मामा म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून तर मंगलने करार केला.

पहिल्या दिवशी महाळुंगे पडवळला दोन सायकली मिळाल्या, दोन्हींना चेन नव्हती. नारायणगावला एकाने तीन चाकी दिली. दुसऱ्या दिवशी जुन्नरला एका व्यायामप्रेमी गृहस्थांनी घरातली व्यायामाची सायकल काढून दिली, जी जागची हलतच नाही. मी म्हणालो, "मामा, ही घेऊन पोरगी शाळेत कशी जाणार?"

"शिकायला बरी," मामा म्हणाले. "पडायची भीती न्हाई."

ती पिकअपमध्ये चढवताना माझ्या पाठीत उसण भरली. मागे मंगलला आडवं व्हायला गादी टाकलेली होती. दुसऱ्या संध्याकाळी ती गादी सायकलींच्या वर गेली आणि तिसऱ्या सकाळी मंगलच्या मांडीवर आली. त्या गादीवरून समोरचं तिला दिसत नव्हतं, म्हणून ती मला विचारत होती, "चाललेत ना?" म्हणजे पुढून एक प्रश्न आणि शेजारून एक.

तिसऱ्या दिवशी दुपारी चढ लागला. ऊन होतं. मामांचा शर्ट पाठीला चिकटलेला, डावा गुडघा बाहेर फेकत चाललेले. सायकल चालतेय की डुलतेय हे कळत नव्हतं. मी थकलो होतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण थकलो होतो. मी मंगलला म्हणालो, "आता विचारलं ना, की उत्तर द्यायचं नाही."

तिला लगेच समजलं. उत्तर नाही मिळालं की ते थांबणार. थांबले की बसणार. तिने तिच्या बाजूची काच वर घेतली. मी ते हो धरलं.

"हाय का मागं?"

आम्ही गप्प बसलो.

"हाय का मागं?" या वेळी जरा मोठ्याने.

मी स्टिअरिंगकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते मला नीट ऐकूही आलं नाही. मग ते थांबले. एक पाय जमिनीवर टेकवला. मी पिकअप थांबवली. आता ते उतरतील, सायकल आडवी करतील, असं वाटलं. ते उतरले नाहीत. मान समोरच. त्यांचा डावा हात हँडलवरून सुटला आणि हळूहळू मागे आला. कॅरियर चाचपायला लागला. गोधडीचा तुकडा हाताला लागला. त्यावरून तो हात इकडून तिकडे फिरला, परत फिरला आणि तिथेच थांबला.

मला माझी लाज वाटली. दार उघडून मी धावलो. "हाय, मामा. हाय मागं. चला."

"आवाज आला न्हाई," ते समोर बघतच म्हणाले.

"घसा बसलाय," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

"वजन कळत न्हाई म्हनून इचारावं लागतंय, जावईबापू." त्यांना धाप लागली होती. "तिचंबी कळायचं न्हाई. आता तर कसं कळावं?"

मग त्यांनी पाय टाकला, उतरले आणि सायकल पिकअपकडे वळवायला लागले. "थांबलो. ठरलं तसं बसतो."

मंगल गादी सीटवर टाकून खाली उतरली होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा, करडा होता.

"तुमी कुठं थांबलात, नाना? आमीच मागं ऱ्हायलो व्हतो. चला."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग परत सायकलवर चढले. मी पिकअपमध्ये जाऊन बसलो, पण मंगल आली नाही. तिने कॅरियरच्या गोधडीवर हात ठेवला, चांगला दाबून ठेवला, आणि त्यांच्या मागून चालायला लागली. मी पहिला गिअर टाकला. क्लचचा वास आला, मागे ती व्यायामाची सायकल खडखडायला लागली.

चढ संपेपर्यंत मामांनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र सवयीने काचेबाहेर डोकं काढून दोन-तीनदा "हाय, चला" म्हणालो.