चार वर्षांचं कॉलेज

टक्!

भर दुपारच्या शांततेत पेनाचं टोपण फरशीवर पडलं आणि घरंगळत थेट सासूबाईंच्या उशाशी जाऊन थांबलं. शेजारी झोपलेली नात टिल्ली हललीसुद्धा नाही. सासूबाईंनी मात्र एक डोळा उघडला आणि या वेळेला पेन कशाला लागतं, हे त्या डोळ्यानेच विचारलं.

सूनबाई गेले तीन दिवस अशाच चोरलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत फॉर्म भरत होती. ‘पुढे कोण होऊ इच्छिता’ हा रकाना तेवढा कोरा राहिला होता. विभागात चार वर्षांची सरकारी कॉलेजं पाच. एक नदीपलीकडे, दुसऱ्याला दोन बस बदलून जायचं, तिसऱ्यात वर्ग होते पण शिक्षक नव्हते, चौथ्यात शिक्षक होते पण वर्ग नव्हते. पाचवं घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि त्याच्या दुसऱ्या यादीत अगदी तळाला का होईना, तिचं नाव लागलं होतं! उद्या दोनपर्यंत प्रवेश घेतला नाही की जागा गेली. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. आईला तूच सांग, एवढा भक्कम पाठिंबा देऊन तो कामासाठी परगावी गेला होता.

सांगण्याची कला आपल्याला साधली आहे, असं सूनबाईचं ठाम मत होतं. खोटं बोलायचं नाही. खरं तेच बोलायचं, फक्त जरा आखूड.

“आई, चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचाय. उद्या शेवटचा दिवस आहे.”

सासूबाई उठून बसल्या. त्यांची नजर टिल्लीवर गेली. टिल्लीला गेल्याच महिन्यात चार वर्षं पूर्ण झाली होती.

“आता चार वर्षांच्यांनाही कॉलेज काढलं?”

“सरकारी आहे,” सूनबाई म्हणाली. हेही खरंच होतं.

“मग घेऊन टाक बाई. सरकारी सोडू नये.”

सूनबाईने खुलासा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. परवानगी तर मिळाली होती. ती कुणाच्या नावावर आहे, हे संध्याकाळी सावकाश सांगता येईल.

संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या काकूंना, इस्त्रीवाल्याला आणि खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरला कळली होती. बालवाडी वगैरे साध्या पोरांसाठी असते, आमची नात एकदम कॉलेजात चालली, असं सासूबाई जिन्यात थांबून थांबून सांगत होत्या. आता खरं सांगावं तर त्यांचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर आपलं. सूनबाई जी गप्प बसली, ती सकाळपर्यंत.

सकाळी गुपचूप सटकायचा बेत होता. पण दारात सासूबाई ठेवणीतले कपडे घालून उभ्या होत्या. शेजारी टिल्ली: दोन शेंड्या, गळ्यात पाण्याची बाटली, छातीवर पिनेने लावलेला रुमाल.

कॉलेजातली रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत होती. तेवढ्यात शिपाईकाकांनी टिल्लीला विचारलं, मोठेपणी कोण होणार? टिल्लीने क्षणाचाही विचार न करता ‘घंटा वाजवणार’ असं सांगितलं. हातात घंटेचा हातोडा असलेल्या शिपाईकाकांची छाती दोन इंच फुगली.

पावणेदोनला खिडकी आली. क्लार्कने मान वर न करता कागद मागितले. सूनबाईची फाइल पिशवीतून निघेपर्यंत सासूबाईंनी जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड आत सरकवलं होतं.

“बारावीची गुणपत्रिका?” क्लार्क म्हणाला.

“अहो, अजून दुधाचे दात आहेत.”

“मधे गॅप असेल तर लेखी द्यावं लागेल.”

“गॅप आहे,” सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, “पुढच्या दोन दातांत. जन्मापासून.”

क्लार्कने पहिल्यांदाच मान वर केली. “प्रवेश नक्की कुणाचा?”

टिल्लीने हात वर केला. रांग फिदीफिदी हसली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला.

“माझा,” सूनबाई म्हणाली आणि फाइल पुढे केली. “चार वर्षांचं म्हणजे… चार वर्षं चालणारं, आई.”

सासूबाईंनी जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड खिडकीतून परत ओढून घेतलं.

क्लार्कने फॉर्म चाळून एका जागी बोट ठेवलं. पालकांची सही नव्हती. सूनबाईने आपलं वय सत्तावीस असल्याचं सांगून पाहिलं, पण छापलेला रकाना वय बघत नाही, असं उत्तर आलं. मग ‘पुढे कोण होऊ इच्छिता’चा कोरा रकाना चालेल का, तिने भीत भीत विचारलं.

“तो चालतो. तो कुणी वाचत नाही.”

दोनला पाच मिनिटं. नवरा परगावी. सूनबाईच्या डोळ्यांपुढे नदीपलीकडचं कॉलेज तरळलं.

“पेन दे,” सासूबाई म्हणाल्या. वळणदार अक्षरात, जराही घाई न करता त्यांनी सही केली आणि टोपण घट्ट लावलं. मग क्लार्कला विचारलं, “अभ्यास केला नाही तर मला बोलावणार ना?”

“हो, पालकांनाच बोलावतो.”

“मग ठीक आहे.”

घरी परतताना शेजाऱ्यांना काय सांगायचं, याचा विचार त्यांनी मोठ्याने केला. जी जायची होती तीच गेली म्हणावं. फक्त जरा मोठी निघाली.

टिल्ली मधोमध चालत होती, एक हात आईच्या हातात, एक आजीच्या. कोपऱ्यावर ती थांबली आणि शिपाईकाकांच्या आवाजात म्हणाली,

“आई, तू मोठेपणी कोण होणार?”

सूनबाईने आशेने सासूबाईंकडे पाहिलं.

“हं, सांग,” पालक म्हणाल्या.