दस्तगीरचा अंगठा आणि कासमचा फतवा

एका जंगलापलीकडे, बाळांनो, एक गाव होतं. जंगलात वाघ होते, पण गाव त्यांना भीत नसे. गाव भीत असे कासम तांबोळ्याला. त्याने धर्माची दीड पुस्तकं वाचली होती.

त्या गावात दस्तगीर पिंजारी राहायचा. साधा माणूस. एके सकाळी कापूस पिंजताना लाकडी ठोकळा त्याच्या अंगठ्यावर बसला. दस्तगीर कळवळून ओरडला, "या अल्ला, तू आहेस की नाहीस?"

कासम नेमका दारावरून चालला होता.

"काफिर झालास!" तो आनंदाने म्हणाला. "तुझा निकाहही तुटला."

दस्तगीरची बायको हुरमतबी भाकरी थापता थापता थांबली. तिने हात धुतले आणि ट्रंक बाहेर काढली.

"अगं, तीस वर्षांचा संसार!" दस्तगीर रडकुंडीला आला.

"परपुरुषाशी मी बोलत नसते," हुरमतबी म्हणाली.

दस्तगीर अनवाणीच काझीसाहेबांकडे पळाला. इकडे शेजारी म्हणाला, "असं कसं काफिर?" कासमने त्यालाही काफिर ठरवलं, कारण त्याने शंका घेतली. शेजाऱ्याची बाजू घेणारा न्हावी गेला. न्हाव्याला हसलेले चौघे गेले. दुपारपर्यंत सगळं गाव इस्लामबाहेर आणि गावभर बायकांच्या ट्रंका अंगणात! मशिदीत कासम एकटाच इमाम होऊन उभा राहिला. मागे वळून पाहतो तर आमीन म्हणायला कुणी नाही.

काझीसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हातारे होते, कानाला कमी ऐकू यायचं, पण प्रश्न नेमका विचारायचे.

"दस्तगीर, ते शब्द मनातून आले?"

"नाही साहेब. अंगठ्यातून आले."

"कासम, तू त्याला हे विचारलं होतंस?"

"विचारायचं काय? मी कानांनी ऐकलं!"

"बाबा रे," काझीसाहेब म्हणाले, "बोलण्याचे शंभर अर्थ निघाले, त्यातले नव्व्याण्णव कुफ्राचे, देव नाकारण्याचे, आणि एकच ईमानाचा, तरी तो एक धरायचा. दुखण्यात, धाकात, अजाणता तोंडून गेलेल्या शब्दावर माणूस बाहेर काढत नाहीत. आणि उगाच कुणाला काफिर म्हटलं, तर तो शब्द म्हणणाऱ्याकडे परत येतो."

कासम पांढराफटक पडला. गाव एका सुरात ओरडलं, "आला! परत आला! कासम काफिर!"

सगळ्यांत मोठा आवाज दस्तगीरचाच निघाला होता. मग त्याने कासमला अनवाणीच मागे सरकताना पाहिलं आणि त्याला स्वतःची सकाळ आठवली.

"थांबा," तो ओशाळून म्हणाला. "आधी त्यालाही विचारा की."

काझीसाहेबांनी विचारलं. कासमला हुंदकाच फुटला. "साहेब, मला वाटलं, मी दीन, आपला धर्मच वाचवतोय."

"अजाणता," काझीसाहेब म्हणाले. "चला, नमाजची वेळ झाली."

सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. संध्याकाळी दस्तगीर उड्या मारतच घरी पोचला.

"अगं, काझीसाहेबांनी मला आत घेतलं!"

हुरमतबी ट्रंकेवर बसून चहा पीत होती. "त्यांनी घेतलं असेल," ती म्हणाली. "मी अजून विचार करतेय."

तात्पर्य: एखाद्याला काफिर ठरवायचंच असेल, तर त्याला चुकूनही काही विचारू नये. विचारलं की तो मुसलमान निघतो.